गुरुजींची दोन रजिस्टरं

मुखेड तालुक्यातल्या एखाद्या जुन्या जिल्हा परिषद शाळेचं जनरल रजिस्टर उघडा आणि जन्मतारखेच्या रकान्यावरून बोट खाली न्या. एक जून, एक जून, पुन्हा एक जून. सगळ्या गल्ल्या, सगळ्या वाड्या आणि सगळे तांडे एकाच दिवशी बाळंत झाले असावेत असं वाटतं! मराठवाड्यात याचं कुणाला नवल नाही. दरवर्षी त्या दिवशी अर्ध्या गावाचा वाढदिवस म्हणून मोबाइलवर थट्टा चालते.

गोष्ट साधी आहे. शाळा जूनमध्ये उघडायची. बाप पोराला घेऊन यायचा आणि सांगायचा, “गुरुजी, पोळ्याच्या पुढं झालंय,” किंवा “दुष्काळाच्या साली झालंय.” गुरुजी पोराला हात डोक्यावरून नेऊन पलीकडचा कान धरायला लावायचे. कान बोटाला लागला की सहा वर्षं पूर्ण. चालू सालातून सहा वजा केले, पुढे एक जून लिहिलं, झालं. त्या एका फटकाऱ्याने दहावीचं प्रमाणपत्र, नोकरी आणि निवृत्ती ठरली. पहिलं मत कधी पडणार, तेही ठरलं.

ते कसं, हे पाहण्यासारखं आहे. मतदार यादीत नाव यायला नुसती अठरा वर्षं पुरत नाहीत, ती एका ठरावीक तारखेला पूर्ण झालेली लागतात. कित्येक दशकं ही तारीख वर्षातून एकदाच यायची: एक जानेवारी. समजा, गुरुजींनी एखाद्याची तारीख १ जून १९८६ लिहिली. तो १ जून २००४ ला अठरा वर्षांचा झाला. १३ ऑक्टोबर २००४ ला विधानसभेचं मतदान होतं, पण त्या वर्षीची यादी एक जानेवारीवर बेतलेली होती आणि त्या दिवशी तो सतराच वर्षांचा होता. पुढची मोठी निवडणूक २००९ ची लोकसभा. संविधानाने अठराव्या वर्षी दिलेला हक्क त्याच्या हातात तेविशीला टेकताना पडला.

१९८८ च्या एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मताचं वय एकवीसवरून अठरावर आणलं, याचा केवढा गाजावाजा झाला. तीन वर्षं कमी केली, आणि त्यातलं काही तारखेच्या अटीने परत घेतलं! हे दुरुस्त व्हायला २०२१ चा कायदा लागला. १ ऑगस्ट २०२२ पासून वर्षात अशा चार तारखा आहेत: एक जानेवारी, एक एप्रिल, एक जुलै आणि एक ऑक्टोबर. एक जूनची पोरं आता महिनाभरात पात्र होतात. एखाद्या सुधारणेचा फायदा कुणाला किती झाला, याचा हिशेब मांडायचा झाला तर मराठवाड्यातल्या गुरुजींच्या शिष्यांपासून सुरुवात करावी लागेल.

पण पात्र होणं आणि यादीत येणं यांत अजून एक पायरी आहे, आणि खरी गंमत तिथे आहे.

मुखेडजवळच्या कुठल्याही गावात जन्मलेली मुलगी घ्या. जन्म होताच ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाच्या जन्म-मृत्यू रजिस्टरात तिची नोंद होते. अंगणवाडीच्या ताईंच्या रजिस्टरात तिचं वजन भरतं. आईबापाच्या रेशन कार्डावर एक नाव वाढतं. आधार निघतं. शाळेच्या जनरल रजिस्टरात आणि सरकारच्या ‘सरल’ प्रणालीत ती येते. बँकेत शिष्यवृत्तीचं खातं उघडतं. अठरा वर्षं शासन तिला पावलोपावली ओळखतं. आणि अठराव्या वाढदिवशी तेच शासन तिला विचारतं की बाई, तू कोण? नमुना क्रमांक ६ भर, वयाचा पुरावा जोड, राहण्याचा पुरावा जोड.

हे विचारायला येतो कोण? बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. गावात हे काम बहुतेक वेळा शिक्षकाकडे नाहीतर अंगणवाडी सेविकेकडे असतं. मतदान केंद्र असतं त्याच शाळेच्या खोलीत. म्हणजे ज्या कपाटात तिची जन्मतारीख ठेवलेली आहे, त्याच कपाटाशेजारी बसून, ती तारीख जपणाऱ्या खात्याचाच माणूस तिच्याकडे जन्मतारखेचा दाखला मागतो. दोन्ही रजिस्टरं गुरुजींचीच, फक्त एकाचं दुसऱ्याशी बोलणं नाही.

जगभर ज्याला ‘आपोआप मतदार नोंदणी’ म्हणतात, ती मुळात एवढीच: या दोन रजिस्टरांना एकमेकांशी बोलायला लावायचं. नागरिकाने शासनाकडे चालत जायचं की शासनाने नागरिकाकडे, हा त्यातला प्रश्न. आणि आपण स्वतंत्र झालो तेव्हा या प्रश्नाचं उत्तर थक्क करणारं होतं.

नोव्हेंबर १९४७. फाळणीचा वणवा पेटलेला, संविधान अजून लिहून व्हायचं होतं. तरी संविधान सभेच्या सचिवालयात, घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांच्या देखरेखीखाली, प्रौढ मताधिकारावर आधारलेल्या याद्या कशा करायच्या याचं काम सुरू झालं. इंग्रजांच्या काळात मत असायचं शेतसारा भरणाऱ्याला, कर देणाऱ्याला, शिकलेल्याला. आता प्रत्येक प्रौढाला मत मिळणार होतं. इस्रायली इतिहासकार ओर्नित शनी यांनी या कागदपत्रांवर अख्खं पुस्तक लिहिलं आहे. त्यांचा सांगावा असा, की भारतीय माणूस कायद्याने नागरिक होण्याआधी यादीत मतदार झाला होता. मोजणी करणारे घरोघर गेले आणि दारात उभं राहून नावं लिहून घेतली. निर्वासितांचा प्रश्न आला, त्यांनी राहण्याचा पुरावा आणायचा कुठून? मार्ग निघाला: इथेच कायमचं राहणार, असं त्यांनी स्वतः लिहून द्यायचं.

त्या महिन्यांत मुखेड निजामाच्या राज्यात होतं. दिल्लीत यादीचे मसुदे चालले होते तेव्हा इकडची माणसं रझाकारांच्या धाकात रात्री काढत होती. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मोकळं झालं आणि १९५२ मध्ये त्याच माणसांनी हैदराबाद राज्याच्या पहिल्या विधानसभेसाठी मत दिलं. ज्यांना जिवाची शाश्वती नव्हती, त्यांची नावं चार वर्षांच्या आत अनुक्रमांकासह छापून आली. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या हाताखाली तयार झालेल्या त्या देशभरातल्या यादीत १७ कोटी ३० लाखांहून अधिक नावं होती. लिहिता-वाचता येणारे त्यांत फार थोडे. अर्ज भरून घ्यायचं ठरवलं असतं, तर यादी किती पानांची झाली असती?

एक डाग मात्र राहिला. उत्तरेकडच्या कित्येक बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. सेन यांनी अशा नोंदी चालवून घ्यायच्या नाहीत असं ठरवलं आणि सुमारे २८ लाख स्त्रिया पहिल्या निवडणुकीत यादीबाहेर राहिल्या. निर्णय कठोर होता, पण पुढच्या वेळी त्या बायका स्वतःच्या नावाने आल्या. आज अडचण वेगळी आहे. आपल्याकडे मुलगी सासरी जाते, आडनाव बदलतं, गाव बदलतं. माहेरच्या यादीतून नाव निघतं आणि सासरच्या यादीत नमुना ८ भरल्याशिवाय येत नाही. दोन गावांच्या मध्ये किती जणी यादीतून गळतात, हे कुठल्याच रजिस्टरात लिहिलेलं नसतं.

पुढे घरोघर फिरण्याची जागा हळूहळू अर्जाने घेतली. वर्षाला एकदा संक्षिप्त पुनरीक्षण, शिबिर, फलक, २५ जानेवारीचा मतदार दिवस. बीएलओ अजूनही दारात येतो, पण नाव यादीत आणण्याची जबाबदारी नागरिकावर सरकली.

तरीही कायद्याच्या पोटात जुनी उदारता शिल्लक आहे, आणि ती मुखेडला फार लागू पडते. या तालुक्यातले, विशेषतः तांड्यांवरचे कितीतरी लोक दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. टोळी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. वर्षातले पाच-सहा महिने हा माणूस राहतो कुठे? कारखान्याच्या रानात, कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत. मग त्याचं नाव कुठल्या गावच्या यादीत? १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २० याचं उत्तर देतं. काही काळापुरतं बाहेर गेल्याने माणूस आपल्या गावचा ‘सर्वसाधारण रहिवासी’ असायचा थांबत नाही. त्याच कलमात असंही आहे की एखाद्या जागी नुसतं घर मालकीचं असलं म्हणून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. म्हणजे कोपीतल्या तोडकऱ्याचं गावातलं मत शाबूत, आणि पुण्यात राहून गावी वाडा बाळगणाऱ्याला नुसत्या वाड्याच्या जोरावर मत नाही. ज्यांनी हे लिहिलं त्यांना आपला देश ठाऊक होता.

त्याहून सुंदर सूचना बेघरांसाठी आहे. ज्याला घरच नाही त्याने पत्ता काय लिहायचा? तो जिथे झोपतो ती जागा. निवडणूक आयोगाच्या सूचनेप्रमाणे बीएलओने रात्री तिथे जाऊन तो माणूस खरोखर झोपलेला आहे का, हे पाहायचं, एकापेक्षा जास्त रात्री. दिसला, तर कुठल्याही कागदाची गरज नाही. पुलाखाली झोपलेल्या माणसाला त्याच्या मताच्या हक्कासाठी शोधत रात्री शासनाने यायचं! प्रत्यक्षात किती बीएलओ जातात, तो भाग वेगळा. पण तरतूद आहे, आणि ती १९४७ च्या त्या घरोघर फिरणाऱ्यांच्या कुळातली आहे.

नाव राहिलं तरी माणूस पोहोचायला हवा. २०२४ ची विधानसभा २० नोव्हेंबरला झाली आणि गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून ठरला होता. यादी गावात, मतदार फडात. अशा गावाची टक्केवारी घसरली की शहरातली मंडळी उदासीनतेवर अग्रलेख लिहितात. आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना दाखवायला पक्षांना बोलावलं होतं, एकाच यंत्रावर ७२ मतदारसंघ. विरोधी पक्षांनी शंका काढल्या आणि ते तिथेच थांबलं.

आता जग काय करतं ते पाहू. जर्मनीत मतदार म्हणून नोंदणी करण्याचा प्रकारच नाही. तिथे घर बदललं की दोन आठवड्यांत पालिकेला कळवणं सक्तीचं. त्या रहिवासी नोंदीतूनच यादी निघते आणि मतदानाआधी प्रत्येकाच्या टपालपेटीत सूचनापत्र येऊन पडतं. स्वीडनचंही तसंच. ही सोय फुकट नाही. तुम्ही कुठे राहता हे शासनाला कायम माहीत असणं, ही तिची किंमत. अमेरिकेत याउलट, नाव नोंदवणं हा माणसाचा स्वतःचा उद्योग. म्हणून ऑरेगन राज्याने २०१५ मध्ये कायदा केला तेव्हा त्याची बातमी झाली: वाहन परवान्याच्या कचेरीत नागरिकत्वाचा पुरावा दिलेल्यांची नावं थेट यादीत, आणि नको असेल त्याने तसं कळवायचं. २०१६ च्या जानेवारीपासून ते सुरू झालं. २०२४ मध्ये उघड झालं की परवाना कचेरीतल्या चुकीने नागरिक नसलेल्या हजारावर लोकांची नावंही त्यात गेली होती. बाहेरच्या लोकांनी कट केला नव्हता, कारकुनाने संगणकावर चुकीचा पर्याय निवडला होता.

चिलीची गोष्ट तर विचारात पाडणारी. २०१२ मध्ये तिथे नोंदणी आपोआप झाली आणि यादी सुमारे ८० लाखांवरून १ कोटी ३० लाखांपलीकडे गेली. त्याच वेळी मतदानाची सक्ती काढून टाकली. त्या वर्षीच्या स्थानिक निवडणुकीत निम्म्याहून कमी लोक आले. नोंदणी दार उघडते, माणसाला हाताला धरून आत आणत नाही.

आपल्याकडे ही कल्पना सरकारच्या तोंडून पहिल्यांदा ठळकपणे ऐकू आली ती मे २०२३ मध्ये. दिल्लीत जनगणना भवनाचं उद्घाटन करताना केंद्रीय गृहमंत्री अमित शाह म्हणाले की जन्म-मृत्यूची नोंद मतदार यादीला जोडणारं विधेयक आणू. अठरा पूर्ण होताच नाव यादीत येईल, मृत्यू झाला की निघेल. त्याच वर्षी १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून ती लागू झाली. त्या दिवसापासून जन्मलेल्यांसाठी मतदार यादीच्या कामी जन्मदाखलाच वयाचा पुरावा. बोट मोजून पाहा: त्यातली पहिली मुलं अठरा वर्षांची होतील १ ऑक्टोबर २०४१ ला, आणि १ ऑक्टोबर ही त्या चार तारखांपैकीच एक! एक जूनवाल्या आजोबांची नातवंडं त्या दिवशी एक दिवसही न थांबता पात्र ठरतील.

प्रत्यक्षात आधी सुरू झालं ते नाव काढण्याचं. मे २०२५ मध्ये आयोगाने जाहीर केलं की मृत्यूंची माहिती जन्म-मृत्यू नोंदणीच्या महानिबंधकांकडून थेट संगणकावर घेतली जाईल. जन्माच्या बाजूने नाव आपोआप चढण्याची सोय अजून यायची आहे. हा क्रम मला खटकतो. नाव चुकून चढलं तर हरकत घेता येते, सुनावणी होते. नाव चुकून उतरलं तर ते त्या माणसाला मतदानाच्या दिवशी, खोलीच्या दारात कळतं.

शेजारच्या तेलंगणात हे घडून गेलं आहे. २०१५ मध्ये आधार जोडून याद्या शुद्ध करण्याची देशव्यापी मोहीम निघाली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ती थांबली, पण २०१८ च्या विधानसभेला तेलंगणातल्या मोठ्या संख्येने मतदारांना यादीत आपलं नावच सापडलं नाही, आणि तिथल्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांना माफी मागावी लागली. दुसरं उदाहरण कर्नाटकातल्या आळंदचं, आपल्या धाराशिवच्या सीमेपलीकडचं. २०२३ च्या निवडणुकीआधी तिथे नावं वगळण्यासाठी ऑनलाइन ६,०१८ अर्ज आले. तपासल्यावर खरे निघाले २४. अर्जदार म्हणून ज्यांची नावं होती त्यांना पत्ताच नव्हता. यंत्र नाव काढण्याच्या कामी लावलं की कुणीतरी त्याची कळ शोधतोच. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २२ म्हणतं की राहतं ठिकाण सोडलं, पात्रता नाही, अशा कारणाने नाव वगळण्याआधी त्या माणसाला म्हणणं मांडायची संधी द्या. १९९५ मध्ये मुंबई आणि दिल्लीतल्या वस्त्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावलं: एकदा यादीत असलेल्याला सरसकट संशयित धरता येत नाही. नावं चढवायला संगणक लावा, उतरवायला माणूसच दारात पाठवा, एवढा भेद पाळला तर अर्धी भीती जाईल.

उरलेल्या अर्ध्या भीतीचा अनुभव महाराष्ट्राने घेतलाच आहे. २०२४ च्या लोकसभेला राज्यात सुमारे ९ कोटी ३० लाख मतदार होते आणि सहाच महिन्यांनी विधानसभेला ९ कोटी ७० लाख. इतके कुठून आले, यावर रान पेटलं. आयोगाने सगळं नियमाने झाल्याचं सांगितलं, विरोधकांना ते पटलं नाही. मला वाटतं, अर्जावर चालणाऱ्या पद्धतीत हा वाद अटळ आहे, कारण लोक निवडणुकीची चाहूल लागल्यावरच अर्ज करतात. शाळेच्या आणि जन्माच्या नोंदीतून दर तिमाहीला नावं येत राहिली, तर प्रत्येक नावामागे एक तारीख आणि एक रजिस्टर असेल, आणि ते कुणालाही उघडून पाहता येईल.

यासाठी २०४१ पर्यंत थांबायचीही गरज नाही. सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो, हे २०२२ पासून आहे. म्हणजे बारावीच्या वर्गात बसलेली सगळी मुलं त्यात आली. मुखेडच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या जनरल रजिस्टरात त्यांचं नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव, गाव सगळं आहे. त्याच रजिस्टरावरून नमुना ६ छापून मुलांच्या हातात द्यायचा आणि त्यांनी फक्त सही करायची, एवढं केलं तरी काम नव्वद टक्के आपोआप झालंच. जी शाळा सोडून गेली त्यांना बीएलओने शोधायचं, आणि ती कोण हेही शाळेलाच माहीत असतं.

नागरिकत्वाची गाठ तेवढी राहते. ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेला प्रत्येक जण केवळ जन्माने नागरिक होत नाही. आईवडिलांपैकी एक नागरिक हवा आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. म्हणून जन्मदाखला वय सिद्ध करतो, नागरिकत्व नाही. ती गाठ सोडवायची तर मुलाच्या नोंदीशेजारी आईबापाची मतदार यादीतली नोंद लावून पाहावी लागेल, आणि मुखेडसारख्या ठिकाणी ती बहुतेक त्याच भागाच्या यादीत, वरच्या चार-दोन अनुक्रमांकांवर मिळेल.

ज्यांची नोंद अशी मिळणार नाही त्यांचा विचार मात्र आत्ताच करायला हवा. जन्माची नोंद होते जिथे जन्म झाला तिथे, मतदाराची होते जिथे तो राहतो तिथे. कारखान्याच्या रानात, कोपीत एखादी बाई बाळंत झाली तर बाळाची नोंद कोल्हापुरात किंवा बेळगावात होणार, नोंद करायला कुणाला सवड झाली तर. २०४१ साली संगणक त्या मुलीला तिथल्या यादीत शोधेल, आणि ती असेल बाऱ्हाळीजवळच्या एखाद्या तांड्यावर. तिचा खरा पत्ता सांगणारं एकच रजिस्टर तेव्हा उपयोगी पडेल, जिल्हा परिषद शाळेचं. अर्थात तोडणीच्या महिन्यांत ती शाळेत टिकली असेल, तर.